टॉवर गेला की बोलणंच बंद होतं

वाचकांचे प्रश्न : ऑटिझम आणि मोबाईल

या वेळी आलेली पत्रं बहुतेक खेड्यांतली आहेत आणि त्यांचं मूळ एकच आहे. तोंडाने बोलणं अवघड जाणाऱ्या माणसाला मोबाईलने बोलायची वाट दिली, पण घर, दवाखाना, पैसे, मैत्री असं सगळंच त्या एका वाटेवर येऊन बसलं. सरकारी कागदावर ऑटिझमला, म्हणजे मेंदूच्या घडणीतल्या या फरकाला, ‘स्वमग्नता’ असा शब्द आहे. आम्ही मात्र ‘ऑटिझम’ आणि ‘ऑटिस्टिक’ असंच लिहितो. स्वमग्न म्हटलं की माणूस आपल्यातच बुडालेला, त्याला कुणाशी घेणंदेणं नाही, असा समज होतो. खालची पत्रं वाचा, तो समज किती चुकीचा आहे ते कळेल.

प्रश्न : मी २३ वर्षांचा, ऑटिस्टिक. दारव्हा तालुक्यात राहतो. फोनवर बोलणं मला जमत नाही. समोरच्याचं एक वाक्य डोक्यात उतरेपर्यंत तो पुढची तीन बोलून जातो. म्हणून कृषी केंद्र, डॉक्टर, बहीण, सगळ्यांशी व्हॉट्सअ‍ॅपवरच बोलतो. पण गावच्या अन् भावकीच्या ग्रुपवर दिवसाला दोन-तीनशे मेसेज येतात, डोकं भणभणतं. निळी टिक दिसली अन् उत्तर आलं नाही की लोक म्हणतात, ‘लय भाव खाते हा.’ पावसाळ्यात लाईन गेली की टॉवरही जातो, मग मी मुकाच. काय करू?

उत्तर : आधी ग्रुपचं बघू, कारण ते आज संध्याकाळीच मिटेल. ग्रुपवर बोट दाबून धरा आणि अर्काईव्ह करा. सेटिंग्जमध्ये ‘चॅट्स’मध्ये जाऊन अर्काईव्ह केलेले चॅट तसेच राहू देण्याचा पर्याय सुरू करा, नाहीतर नवा मेसेज आला की ग्रुप परत वर येतो. अशा ग्रुपमध्ये कुणी तुमचं नाव टाकून लिहिलं किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिलं, तरच फोन वाजेल. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, दहा मिनिटं वाचा. राहिलेलं सोडून द्या. मयत, लग्न, ग्रामसभा या बातम्या ग्रुपशिवायही कानावर येतातच. प्रायव्हसीमध्ये ‘ग्रुप्स’ला ‘माझे कॉन्टॅक्ट’ ठेवा, म्हणजे अनोळखी माणूस तुम्हाला कुठेही ओढून नेणार नाही.

निळी टिक प्रायव्हसीतल्या ‘रीड रिसीट्स’मधून बंद होते. मग इतरांनी वाचलं की नाही तेही तुम्हाला दिसणार नाही. ग्रुपमध्ये आणि व्हॉइस मेसेजला टिक तरीही दिसतेच, तेव्हा व्हॉइस मेसेज ऐकायची तयारी असेल तेव्हाच उघडा. याहून उपयोगी पडतं ते एक ठरलेलं वाक्य: ‘मेसेज वाचला. उत्तर लिहायला मला वेळ लागतो. रात्री ९ पर्यंत लिहितो.’ गूगलच्या कीबोर्डमध्ये ‘पर्सनल डिक्शनरी’त हे वाक्य टाका आणि त्याला ‘उव’ असा शॉर्टकट द्या. दोन अक्षरं टाइप केली की पूर्ण वाक्य वर सुचवलं जाईल. लोकांचा राग उशिरापेक्षा गप्प राहण्यावर जास्त असतो. प्रोफाईलच्या ‘अबाउट’मध्ये १३९ अक्षरं मावतात. तिथे लिहून ठेवा: ‘फोन उचलत नाही. मेसेज करा, उत्तर नक्की देतो.’

आता टॉवर. टॉवरला बॅटरी असते, पण ती काही तासांचीच. लाईन येणं लांबलं की टॉवर बसतो. त्याआधी एक टप्पा येतो, तो ओळखायला शिका: रेंजची एखादी कांडी दिसते, पण इंटरनेट चालत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं घड्याळाचं चिन्ह फिरत राहतं. अशा वेळी साधा एसएमएस बहुतेकदा जातो, कारण त्याला इंटरनेट लागत नाही. मराठी एसएमएस ७० चिन्हांचा असतो (इंग्रजी अक्षरांत १६०). त्यात काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, मोकळी जागा, सगळं वेगळं मोजलं जातं. ७० च्या पुढे गेलं की मेसेजचे तुकडे होतात आणि कमजोर रेंजमध्ये एखादा तुकडा अडकतो. ‘दवाखान्यात आहे. फोन करू नका, मेसेज करा.’ हे वाक्य ३९ चिन्हांत बसतं. अशी पाच-सहा वाक्यं आधीच मसुद्यात लिहून ठेवा. बहिणीला आणि डॉक्टरांच्या कंपाउंडरला सांगून ठेवा की पावसाळ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर नाही दिसलो तर एसएमएस बघा.

दुसरं सिम वेगळ्या कंपनीचं घ्या आणि ज्या कंपनीचा टॉवर वेगळ्या गावाकडे आहे तिचंच घ्या. एकाच खांबावर दोन्ही कंपन्यांची यंत्रं असतील तर दोन्ही एकदमच जातील. जमलं तर ते सिम बटणांच्या साध्या फोनमध्ये ठेवा. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेने ५,००० चा फोन दोनदा पूर्ण भरेल असं वाटतं. तसं होत नाही, कारण व्होल्टेज बदलताना वीज वाया जाते. सव्वा ते दीड वेळा धरून चला. जून ते सप्टेंबर दर रविवारी ती भरून ठेवा.

रिचार्ज चुकवू नका, हे आम्ही आवर्जून सांगतो. ९० दिवस सिम वापरलं गेलं नाही तर नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे तो दुसऱ्या कुणाला मिळतो. व्हॉट्सअ‍ॅप त्या नंबरालाच बांधलेलं असतं, म्हणजे तुमची बोलायची जागाच जाते. ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’चा ६ अंकी पिन आजच लावा आणि वहीत लिहा.

शेवटी कागद. पोस्टकार्डच्या अर्ध्या आकाराचं कार्ड करून लॅमिनेट करा आणि सदऱ्याच्या खिशात ठेवा. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात: ‘मी ऑटिस्टिक आहे. मला ऐकू येतं आणि कळतं. बोलायला वेळ लागतो. प्रश्न एकेक विचारा किंवा लिहून द्या.’ मागे दोन नंबर, रक्तगट, चालू औषधं. एसटीचा कंडक्टर, आरोग्य केंद्रातली सिस्टर, सोसायटीचा सचिव, कुणालाही हे दाखवता येतं. टॉवर उभा असताना दोन-चार वेळा वापरून बघा. अडचणीत पहिल्यांदाच काढलेलं कार्ड हातातच राहतं.

प्रश्न : माझा मुलगा ७ वर्षांचा आहे, तोंडाने बोलत नाही. टॅबमधल्या अ‍ॅपवर चित्राला बोट लावतो आणि टॅब बोलतो. दीड वर्षात ‘पाणी’, ‘नको’, ‘आबाकडे जायचं’ इथपर्यंत आला. मागे टॅब बंद पडला. १२ दिवस पोरगा ओरडत होता, स्वतःचा हात चावत होता. सासूबाई म्हणतात, टॅबमुळेच बोलत नाही, काढूनच घे. (अचलपूर तालुका)

उत्तर : ताई, त्या १२ दिवसांत त्याच्याकडे शब्दच नव्हते. ते ओरडणं हट्टाचं नव्हतं. सासूबाईंना शांतपणे सांगा: चित्रांनी बोलल्यामुळे तोंडाचं बोलणं अडतं असं अभ्यासांत आढळलेलं नाही, उलट काही मुलांचं बोलणं वाढतं. आणि हा टॅब शिक्षा म्हणून कधीही काढून घेऊ नका. कार्टूनसाठी दुसरा जुना फोन ठेवा, म्हणजे ‘बोलायचा’ आणि ‘बघायचा’ असे दोन वेगळे राहतील.

पुन्हा असं होऊ नये म्हणून कागदी वही करा. टॅबचं पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबून प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट घ्या. मुख्य पान आणि तो रोज उघडतो ती पाच-सहा पानं पुरेत. ए-फोर कागदावर रंगीत छापा. प्रत्येक चित्र निदान ४ सेंटीमीटरचं हवं. एका पानावर मावत नसेल तर पानाचे दोन भाग करा, पण चित्रांची जागा हलवू नका. ‘नको’ टॅबवर डावीकडे खाली असेल तर कागदावरही तिथेच. मुलं चित्र शोधत बसत नाहीत, बोटाला जागा पाठ असते, जशी तुम्हाला अंधारात चुलीजवळची काडेपेटी सापडते. लॅमिनेशन चकचकीत नको, मॅट मागा. उन्हाची तिरीप पडली की चकचकीत कागदावर काही दिसत नाही. दोन प्रती करा, एक शाळेच्या दप्तरात.

‘पाहिजे, नको, अजून, झालं, थांब, मदत, दुखतं, शू’ हे आठ शब्द पहिल्या पानावर असलेच पाहिजेत. आई-आजीचे फोटो नंतर. रोज जेवताना दहा-पंधरा मिनिटं टॅब बाजूला ठेवून वहीनेच बोला. तुम्हीही बोलताना चित्रावर बोट ठेवा. भाकर वाढताना ‘अजून’वर बोट, पाणी देताना ‘पाणी’वर. वही कपाटात ठेवून फक्त टॅब बिघडल्यावर काढली तर ती त्याच्यासाठी परकीच.

टॅबमध्ये चार कामं करा. अ‍ॅपच्या सेटिंग्जमधून बॅकअपची फाईल काढून ती वडिलांच्या फोनवर ठेवा. दीड वर्षात तुम्ही भरलेले फोटो आणि शब्द तिच्यात असतात, ते नव्या टॅबमध्ये आपोआप येत नाहीत. मग टॅब एअरप्लेन मोडवर टाकून अ‍ॅप बोलतं का बघा. गप्प झालं तर टेक्स्ट-टू-स्पीचच्या सेटिंगमध्ये मराठी आवाज डाउनलोड करून घ्या. प्ले स्टोअरवर त्या अ‍ॅपच्या पानावर तीन टिंबांत जाऊन ऑटो-अपडेट बंद करा. एका अपडेटने बटणं इकडची तिकडे झाली की पोरगा पुन्हा पहिलीत. अपडेट करायचंच असेल तर सुट्टीत करा, आधी बॅकअप घेऊन. आणि स्क्रीन पिनिंग सुरू ठेवा, म्हणजे चुकून बोट लागून अ‍ॅप बंद होणार नाही.

पैशांमुळे अ‍ॅप सोडावं लागलं तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ मोफत आहे, त्यात मराठी आहे. पण अ‍ॅप बदलणं म्हणजे सगळ्या जागा नव्याने पाठ करणं, तेव्हा कारण मोठं असेल तरच बदला.

आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका. आयपॅडसारखी उपकरणं ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला बनवलेली असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. टिनाखालच्या खोलीत टॅब आपोआप बंद पडला तर तो बिघडला असं समजू नका. कव्हर काढा, चार्जर काढा, सावलीत वाऱ्याला ठेवा. फ्रिजमध्ये अजिबात नको, आत दव धरतं आणि मग खरंच बिघडतो. दुपारी १२ ते ४ वहीने बोलायचं, असंच ठरवून टाका.

प्रश्न : माझा भाऊ १९ वर्षांचा, ऑटिस्टिक, बारावी झालेला. समोरचा म्हणेल ते खरं मानतो. ऑनलाईन गेममधल्या एका ‘मित्रा’ने बक्षीस लागलं म्हणून क्यूआर कोड पाठवला. भावाने स्कॅन करून पिन टाकला, ८,००० गेले. आता बाबा फोनच बंद करा म्हणतात. (चिखली तालुका)

उत्तर : फोन बंद केला तर तो पुढच्या वेळी सांगणारच नाही, आणि फसवणाऱ्याला तेच हवं असतं.

आत्ता काय करायचं ते आधी. १९३० या नंबरावर फोन करा. फोन तुम्ही करा, भावाला लावायला सांगू नका. हाताशी १२ अंकी व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ आणि बँकेचं नाव ठेवा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी थांबवता येतात, म्हणून तासाभरातली तक्रार आणि चार दिवसांनंतरची तक्रार यात फार फरक पडतो. मग राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार लेखी पूर्ण करा. चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट घ्या. बँकेलाही वेगळं कळवा आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. आता उशीर झाला असला तरी तक्रार कराच.

पुढचं. ‘सावध राहा’, ‘कुणावर विश्वास ठेवू नको’ या सूचना भावाच्या उपयोगाच्या नाहीत. सावध म्हणजे नेमकं काय करायचं? ऑटिस्टिक माणसाला पक्का नियम दिला तर तो आपल्यापेक्षा काटेकोर पाळतो, तेव्हा नियम तसेच द्या आणि लिहून भिंतीवर लावा:

पैसे येताना पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत.
कुणीही पैसे मागितले, तर ताईला दाखवल्याशिवाय आणि एक रात्र गेल्याशिवाय द्यायचे नाहीत.
‘कुणाला सांगू नको’ असं कुणी म्हटलं की लगेच ताईला सांगायचं.
व्हिडिओ कॉलवर पोलीस अटक करत नाहीत. कॉल बंद करायचा.

शेवटचा नियम फार महत्त्वाचा आहे. ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकार कायद्यात नाही. पण वर्दीतल्या माणसाने ‘कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही’ म्हटलं की नियम पाळणारा मुलगा तासन् तास बसून राहतो. हे घरी एकदा खोटं खोटं करून दाखवा. तुम्ही फोन करा, त्याने कॉल बंद करायचा. चार-पाच वेळा.

व्यवहार त्याचा त्याला करू द्या, पण मर्यादेत. त्याच्या यूपीआयला जोडलेल्या खात्यात ५०० रुपयांवर ठेवू नका, बाकीचे दुसऱ्या खात्यात. किंवा यूपीआय सर्कल वापरा: तो दुकानात कोड स्कॅन करतो, मंजुरी तुमच्या फोनवर येते आणि पिन तुम्ही टाकता. पूर्ण मुभा द्यायची असेल तर महिन्याची मर्यादा ठरवता येते, ती जास्तीत जास्त १५,००० आहे. किराणा, दाढी, एसटीचं तिकीट हे त्याचं त्यानेच करावं, नाहीतर पुढेही कुणाच्या तरी हाताकडे बघत राहील.

फोटोवरून धमकी आली तर पैसे द्यायचे नाहीत, काही पुसायचं नाही, १९३०. मूल १८ च्या आतलं असेल तर १०९८ वरही कळवा.

प्रश्न : मुलीला ऑटिझम आहे. यूडीआयडीचा (दिव्यांग ओळखपत्राचा) ऑनलाईन अर्ज दोनदा अडकला. फेसबुकवर एक जण ९० दिवसांत ऑटिझम बरा करायचा ऑनलाईन कोर्स विकतो, ४०,००० मागतो. घ्यावा का? (आर्णी तालुका)

उत्तर : घेऊ नका. ऑटिझम हा मेंदूच्या घडणीतला फरक आहे, तो उतरत नाही. फेसबुकवरच्या अशाच ग्रुपांमध्ये क्लोरीन डायऑक्साईडचे थेंब आणि स्टेम सेलही विकले जातात. पहिलं कपडे पांढरे करायच्या ब्लीचच्या जातीचं आहे, त्याने आतडी भाजतात. दुसऱ्याला ऑटिझमवरचा उपचार म्हणून मान्यता नाही. ४०,००० राहू द्या. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथली सेवा मोफत आहे. आशाताईंकडून किंवा शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाकडून संदर्भचिठ्ठी घ्या. ऑनलाईन थेरपी वाईट नाही, पण थेरपिस्टने एकदा तरी मुलीला प्रत्यक्ष पाहिलेलं असावं आणि तासाच्या शेवटी तुम्ही घरी काय करायचं ते सांगावं. नुसतं पोरीला स्क्रीनसमोर बसवणं म्हणजे थेरपी नव्हे.

अर्ज अडकतो तो बहुतेकदा दोन कारणांनी. आधारवरचं नाव आणि अर्जातलं नाव यात एखाद्या अक्षराचा फरक असतो, किंवा ऑनलाईन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकाने घाईत स्वतःचा मोबाईल नंबर टाकलेला असतो. मग ओटीपी आणि तपासणीची तारीख त्याच्या फोनवर येते आणि तुम्हाला कळतच नाही. नंबर तुमचाच टाकायला लावा, समोर बसून वाचून घ्या, नोंदणी क्रमांकाची छापील प्रत घेऊनच उठा. १ जून २०२१ पासून दिव्यांग प्रमाणपत्र यूडीआयडीच्याच पोर्टलवरून द्यायचं आहे, तेव्हा ही पायरी टळत नाही. पण तपासणी ऑनलाईन नाही. तिथे ‘इसा’ नावाची, ऑटिझम मोजायची ४० मुद्द्यांची यादी भरतात, प्रत्येकाला १ ते ५ गुण. एकूण ७० गुणांवर ४० टक्के दिव्यांगत्व धरलं जातं. अनोळखी गर्दीत मुलगी एकदम गप्प बसू शकते आणि ‘हिला काही नाही’ असं वाटू शकतं. म्हणून घरचे दोन-दोन मिनिटांचे चार-पाच व्हिडिओ फोनमध्ये, इंटरनेट न लागता उघडतील असे ठेवा: जेवताना, केस विंचरताना, पाहुणे आल्यावर. प्रमाणपत्र मिळालं की नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ आरोग्य विम्याचा अर्ज करा, त्यात वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण आहे.

प्रश्न : ऑनलाईन वर्गात सर कॅमेरा लावायलाच सांगतात. मला स्वतःचा चेहरा दिसला की ऐकू येणं बंद होतं. (विद्यार्थिनी, मोर्शी)

उत्तर : कॅमेरा सुरू ठेवूनही स्वतःचा चौकोन लपवता येतो. झूममध्ये आपल्या चौकोनावरच्या तीन टिंबांत ‘हाइड सेल्फ व्ह्यू’ आहे. तरी जड गेलं तर सरांना लेखी कळवा: ‘कॅमेरा बंद ठेवते, हजेरी चॅटमध्ये लिहीन.’ दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये ऑटिझम आहे आणि शिक्षणात अशी सोय मागणं तुमच्या हक्काचं आहे.

प्रश्न : माझ्या मुलाला (१७) गावात एकही मित्र नाही. एका ऑनलाईन ग्रुपमध्ये चौघं आहेत, त्यांच्याशी रोज लिहितो. ते खरे मित्र का? सवय मोडावी का? (आरमोरी तालुका)

उत्तर : मोडू नका. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही असं म्हटलं जायचं. संशोधक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं की न कळणं दोन्ही बाजूंनी असतं. दोन ऑटिस्टिक माणसांचं एकमेकांशी पुष्कळदा नीट जमतं. लिहिताना विचाराला वेळ मिळतो, चेहरा वाचावा लागत नाही. तुमच्या गावात असं दुसरं मूल नसेल, तर ते त्याला इंटरनेटवरच भेटणार.

काळजी करायची ती वेगळ्या गोष्टीची. ऑर्कुट ही मित्र जोडायची साइट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाली. टिकटॉकवर २९ जून २०२० ला बंदी आली, आणि खेड्यापाड्यातल्या कितीतरी पोरांचे व्हिडिओ आणि ओळखी एकदम तुटल्या. दोन वर्षं न उघडलेलं गूगल खातंही पुसलं जाऊ शकतं. मित्र जातात ते भांडून नाही, जागा बंद झाली म्हणून जातात. ज्या मुलाला एक मैत्री जमवायला वर्ष लागतं, त्याचं यात किती जातं ते तुम्ही समजू शकता.

म्हणून मुलाला विचारून त्या चौघांशी निदान दोन जागी संपर्क ठेवा: ग्रुप, आणि ई-मेल किंवा फोन नंबर. आधी प्रत्येकाशी एकदा व्हिडिओ कॉलवर तुमच्यासमोर दोन मिनिटं बोलणं होऊ द्या, समोर खरंच तेवढ्याच वयाचं मूल आहे ना ते बघा. आपला पत्ता आणि शाळेचं नाव त्यानंतरही द्यायचं नाही. प्रत्यक्ष भेटायचं ठरलं तर पहिल्या वेळी नागपूरला गजबजलेल्या ठिकाणी, दिवसा, तुम्ही सोबत. त्या जागेचे फोटो त्याला आधी दाखवा आणि किती वाजता निघायचं तेही ठरवून सांगा. ‘बघू, कंटाळा आला की निघू’ असं त्याला चालणार नाही.

गप्पा व्हॉट्सअ‍ॅपवर असतील तर चॅटमधली तीन टिंबं, ‘मोअर’, ‘एक्स्पोर्ट चॅट’, आणि ‘विदाउट मीडिया’. तयार होणारी फाईल स्वतःलाच ई-मेल करा. दर तीन महिन्यांनी. ते चौघांचं लिहिलेलं खाजगी बोलणं आहे, तेव्हा ती फाईल मुलाच्याच खात्यात राहू द्या, तुम्ही उघडू नका.